कमी फिरलेली जुनी स्पोर्ट्‌सकार घेताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुनी स्पोर्ट्‌सकार घेणाऱ्यांना जो सल्ला ठिकठिकाणी वाचायला मिळतो, त्यात ‘कमी किलोमीटर झालेली गाडी बघा’ हे वाक्य हमखास असते. चार-पाच वर्षांच्या गाडीला ते ठीक आहे. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीला नाही, आणि नेमक्या याच सल्ल्यापायी लोक भलतीच गाडी दारात आणून उभी करतात. म्हणून हे पत्र.

वीस वर्षांत तीस हजार किलोमीटर झाले, याचा सरळ अर्थ गाडी बहुतेक काळ उभी होती. उभ्या गाडीतले ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, सुकतात आणि गाडी पुन्हा रोज फिरू लागली की गळायला लागतात. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेते. दर दोन वर्षांनी ते बदलले नसेल, तर कॅलिपरचे, म्हणजे चाकाची डिस्क आवळणाऱ्या ब्रेकच्या भागाचे, पिस्टन आतून गंजून अडकतात. टाकीतले पेट्रोल शिळे होऊन इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर चिकटतात. अधूनमधून छोटे फेरे मारले असतील तर आणखी वाईट, कारण इंजिन पुरते तापत नाही आणि पाण्याचा अंश तेलातच राहतो. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट रबराचा असतो, त्यामुळे तो वयानेही संपतो. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. टायरचेही तसेच. त्याच्या बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१४ असेल तर टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला, म्हणजे नक्षी कितीही खोल दिसली तरी बदलायचाच. याउलट दरवर्षी सात-आठ हजार किलोमीटर फिरलेली, वेळच्या वेळी तेल बदललेली, लाखाच्या पुढे गेलेली गाडी आम्ही डोळे झाकून नव्हे, पण आधी बघू.

दुसरी फसगत किमतीची. गाडी जुनी झाली की तिचा भाव उतरतो, सुट्या भागांचा आणि मजुरीचा उतरत नाही. फेरारी एफ३५५ चे टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावे लागते. गाडी कितीही स्वस्तात मिळाली तरी ते काम स्वस्त होत नाही. खरेदीच्या रकमेचा निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर त्याच पैशांत खालच्या श्रेणीतली चांगली गाडी घ्यावी.

प्रत्येक मॉडेलचे एक ठरलेले दुखणे असते. गाडी बघायला जाण्याआधी ते माहीत हवे. पहिल्या पिढीच्या पोर्शे बॉक्स्टरमध्ये आणि त्याच काळातल्या ९९६ श्रेणीच्या साध्या ९११ मध्ये इंटरमीजिएट शाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या आतल्या मधल्या फिरत्या दांड्याचे, बेअरिंग हा कळीचा भाग आहे. ते फुटले तर इंजिनच जाते. टर्बो आणि जीटी३ चे इंजिन वेगळ्या घडणीचे असल्याने त्यांना हा धोका नाही. बेअरिंग गिअरबॉक्स उतरवल्यावर हाताशी येते, म्हणून ते क्लचबरोबरच बदलतात. ‘क्लच नवीन टाकलाय’ असे सांगितले, की त्याच बिलात बेअरिंग आहे का ते बघा. तेलाचा फिल्टर कापून आतल्या घड्यांत चमचमणारा चुरा दिसतो का, तेही तपासून घ्यावे.

बीएमडब्ल्यू ई४६ एम३ मध्ये मागचा सबफ्रेम (मागच्या चाकांचा भार पेलणारा सांगाडा) जिथे बॉडीला बसतो तिथला पत्रा चिरतो. हे रॅम्पवर चढवल्याशिवाय कळत नाही. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत कापडी टपाच्या निचऱ्याची भोके कचऱ्याने बुजतात आणि पाणी दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत साचून त्या आतून गंजतात. वरून रंग छान दिसतो, बोटाने दाबले की कुरकुरतो. तिच्या सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनात, साधारण १९९१ च्या मध्यापर्यंत, क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचे, टोक आखूड होते आणि त्यावर पुली पक्की धरणारी लोखंडी चावी ढिली होण्याचा त्रास होता. पुलीला चार खाचा असतील तर ते जुने टोक, आठ असतील तर नवे.

माझदा आरएक्स-८ चे रोटरी इंजिन, ज्यात पिस्टनऐवजी रोटर फिरतात, तर स्वतंत्रच तपासावे लागते. ते रचनेनुसारच थोडे तेल जाळते, म्हणून तेल कमी झालेले दिसले तर तो दोष नव्हे. मात्र कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, मोजायला रोटरीचाच मीटर लागतो, कारण एका रोटरला तीन बाजू असतात आणि साधा मीटर त्यांतला फक्त सर्वांत चांगला आकडा दाखवतो. गाडी चांगली तापवून बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा चालू करा. स्टार्टर बराच वेळ फिरत राहिला, तर रोटरचे सील झिजले आहेत.

बाकी सगळ्या गाड्या मात्र थंड इंजिनावरच बघाव्यात. पोचल्यावर आधी बोनेटला हात लावा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या, कारण मालकाने काहीतरी झाकायला ती आधी चालवलेली असू शकते. चालू करताच निळा धुराचा एक भपका येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील. वेग घेताना निळा धूर येत राहिला तर पिस्टन रिंग. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर आणि गोडसर वास असेल तर कूलंट जळते आहे. थंड गिअरबॉक्समध्ये दुसरा गिअर टाकताना खरखर झाली तर गिअर जुळवून घेणारा सिंक्रोनायझर झिजलाय. चौथ्या गिअरमध्ये हळू चालत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढले आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. लीक-डाउन चाचणीत, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती निसटते ते बघताना, गळती दहा टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, वीसच्या वर गेली तर इंजिन उघडावे लागणार असे धरून बोलणी करा. रंगाची जाडी मोजायचा मीटर न्यावा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्याच पॅनेलवर आकडा पाचशेच्या पुढे गेला, तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवर एकही दोष दिसला नाही म्हणून खूश होऊ नका. संगणकाच्या स्वयंतपासणीचे टप्पे (मॉनिटर) पूर्ण झालेले आहेत का ते बघा. अपूर्ण दिसले तर दोषांचे कोड नुकतेच पुसलेले असू शकतात किंवा बॅटरी काढलेली असू शकते. दोन-तीन दिवस गाडी चालवून पुन्हा तपासायला मागा.

कागदपत्रांत नुसत्या शिक्क्यांच्या सर्व्हिस बुकावर आमचा फारसा भरवसा नाही. बिले मागा. बिलावर तारीख, किलोमीटर आणि टाकलेल्या भागांची नावे असतात. ओळीने लावली की गाडी किती वर्षे उभी होती तेही कळते आणि मीटर मागे फिरवला असेल तर तेही. इंजिनाचे काम झालेय म्हणतात आणि बिल नाही, तर ते झालेलेच नाही असे समजून भाव करावा.

एक गोष्ट बहुतेक जण शेवटी बघतात, ती आधी बघायला हवी. इंजिनाचे भाग कुठून ना कुठून मिळतात. हेडलाइटची काच, टपाचे रबर, डॅशबोर्डचे प्लास्टिक, त्या मॉडेलचा संगणक हे मिळणे बंद झालेले असते. यांतले जे तुटलेले दिसेल, ते आज कुठे मिळते याची चौकशी पूर्ण झाल्याशिवाय बयाणा देऊ नये.

आपले,
जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीत काम करणारे काही वाचक