व्हेनिसमध्ये अंतर पुलांनी मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत युरोपवर लेख आला की त्यात व्हेनिस हटकून असते. गोंडोला असतो, सान मार्कोचा चौक असतो, संध्याकाळचे पाणी असते. पण त्या शहरात पोहोचल्यावर बॅगा कशा न्यायच्या, बोटीत कुठून चढायचे, पत्ता कसा शोधायचा यावर चार ओळीही नसतात. पुण्याहून इटलीला जाणाऱ्यांत साठी ओलांडलेले खूप असतात आणि या शहरात सर्वांत जास्त हाल त्यांचेच होतात. हे हाल टाळता येतात, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

जुन्या व्हेनिसमध्ये मोटार नाही, रिक्षा नाही, दुचाकी नाही. सायकलही चालवू देत नाहीत. शंभराहून अधिक छोटी बेटे आणि त्यांना जोडणारे चारशेहून अधिक पूल, असे ते शहर आहे. खालून बोटी जायच्या असल्यामुळे बहुतेक पूल कमानीचे आहेत आणि दोन्ही अंगांना पायऱ्या आहेत. स्टेशनपासून हॉटेल सहाशे मीटरवर आहे असे वाचून आपण निर्धास्त होतो. त्या सहाशे मीटरांत चार पूल आले, तर तेवीस किलोची बॅग चारदा उचलून चढवायची आणि चारदा उतरवायची. रोज सकाळी पर्वती चढणाऱ्याचाही यात दम निघतो, कारण पर्वतीवर कोणी बॅग घेऊन जात नाही. म्हणून खोली ठरवताना किलोमीटर बघू नयेत. मोबाइलवरचा नकाशा मोठा करावा आणि बोटीच्या थांब्यापासून किंवा स्टेशनपासून हॉटेलच्या दारापर्यंत पाण्याच्या किती निळ्या रेघा ओलांडाव्या लागतात ते मोजावे. जितक्या रेघा, तितके पूल.

स्टेशनांची गफलत नेहमीची आहे. ‘व्हेनेत्सिया मेस्त्रे’ हे मुख्य भूमीवरचे स्टेशन आणि ‘व्हेनेत्सिया सांता लुचीआ’ हे बेटावरचे. दोघांच्या नावात व्हेनिस असल्याने बरेच जण घाईघाईने आधीच्या मेस्त्रेला उतरून पडतात. तसे झालेच तर घाबरू नये. मेस्त्रेहून सांता लुचीआला सतत लोकल गाड्या असतात, दहा-बारा मिनिटे लागतात आणि तिकीट दीड युरोच्या आसपास आहे. सांता लुचीआच्या दारातून बाहेर पडले की समोरच ग्रँड कॅनाल, म्हणजे शहरातला मुख्य कालवा, दिसतो. डावीकडचा रस्ता म्हणजे लिस्ता दी स्पान्या. तिथून सान जेरेमिया चौकापर्यंत एकही पूल नाही. पहिला पूल गुल्ये नावाचा, तो त्याच्या पुढे. गुडघे दुखणारे कोणी बरोबर असेल तर या पट्ट्यातले साधे हॉटेलही सान मार्कोजवळच्या महागड्या हॉटेलापेक्षा बरे पडेल.

विमानतळावरून बसने येणारे पियात्साले रोमा या चौकात उतरतात. मोटारींची हद्द तिथे संपते. तिथून स्टेशनकडे जाणारा २००८ मधला नवा पूल दिसायला देखणा आहे, पण पायऱ्यांची लांबी-उंची एकसारखी नसल्याने पाऊल चुकते. त्याला बसवलेल्या काचेच्या पायऱ्यांवरून इतके लोक घसरले, की नगरपालिकेला काचेऐवजी दगड बसवायचा निर्णय घ्यावा लागला. बॅगा असतील तर हा पूल टाळून सरळ बोट धरावी.

आता बोटींबद्दल. तिथली ‘वापोरेत्तो’ म्हणजे आपली पीएमपीची बस, फक्त पाण्यावरची. ७५ मिनिटांचे तिकीट ९.५० युरोचे, २४ तासांचा पास २५ युरोचा, दोन दिवसांचा ३५ आणि तीन दिवसांचा ४५, असे अलीकडचे दर आहेत. म्हणजे दिवसात तीनदा बोटीत बसणार असाल तर पासच स्वस्त. पासची मुदत तारखेप्रमाणे चालत नाही, पहिल्यांदा यंत्राला लावल्यापासून तास मोजले जातात. दुपारी दोनला सुरू केलेला पास दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत चालतो. त्यामुळे सकाळी पायी फिरून पास दुपारी सुरू करणे फायद्याचे. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. सहा ते एकोणतीस वयाच्यांना सहा युरोचे सवलत कार्ड घेतले की तीन दिवसांचा पास बराच स्वस्त मिळतो. बरोबर कॉलेजची मुले असतील तर याची चौकशी जरूर करावी.

पास खिशात आहे म्हणून सरळ बोटीत शिरायचे नाही. धक्क्यावरच्या यंत्राला तो प्रत्येक वेळी लावायचा, आवाज आणि हिरवा दिवा आला की चढायचे. न लावलेला पास तपासनिसाच्या लेखी वापरलेलाच नसतो. पैसे भरूनही दंड बसतो तो इथे. तिकिटात एक बॅग धरलेली असते, तीही लांबी, रुंदी, उंची मिळून १५० सेंटिमीटरपर्यंतची. विमानात १५८ चालतात, त्यामुळे सर्वांत मोठी बॅग या मापात बसेलच असे नाही. विमानतळावरून सुटणाऱ्या बोटी वेगळ्या कंपनीच्या आहेत आणि हा पास त्यांवर चालत नाही.

१ नंबरची बोट ग्रँड कॅनालवरचे थांबे घेत पाऊण तासात सान मार्कोला पोहोचते. २ नंबरची कमी थांबे घेते. ४.१ आणि ४.२ या एकमेकींच्या उलट दिशेने शहराला फेरी मारतात, तसेच ५.१ आणि ५.२. बुरानो बेटावर जायचे तर फोन्दामेन्ते नोव्हे या थांब्याहून १२ नंबर, पाऊण तास. मोठ्या थांब्यावर एकाच नावाचे चार-पाच तरंगते धक्के असतात, त्यांना अक्षरे दिलेली असतात. नंबर बरोबर आणि धक्का चुकीचा, असे झाले की बोट डोळ्यांदेखत शेजारून निघून जाते. आधी फलकावरचे अक्षर वाचावे, मग रांगेत उभे राहावे.

थांबा निवडतानाही पूल मोजावेतच. ‘रिआल्तो’ हा थांबा सान मार्कोच्या बाजूला आहे. हॉटेल पलीकडे मंडईच्या बाजूला असेल आणि तुम्ही इथे उतरलात, तर सामानासकट रिआल्तोचा भलाथोरला पूल चढायचा. त्याऐवजी ‘सान सिल्व्हेस्त्रो’ला किंवा दिवसा ‘रिआल्तो मेर्कातो’ला उतरावे. सान मार्कोला जाताना ‘व्हाल्लारेस्सो’ला उतरून समोरच्या गल्लीतून सरळ आत जावे आणि उजवीकडे वळावे, चौकापर्यंत एकही पूल लागत नाही. ‘सान झाक्कारिआ’ला उतरलात तर पूल चढावा लागतो, आणि त्याच पुलावर फोटो काढणाऱ्यांची दाटी असते.

पत्त्याची पद्धत मात्र पुणेकराला लवकर कळावी. व्हेनिसमध्ये सहा पेठा आहेत: कान्नारेजो, कास्तेल्लो, सान मार्को, दोर्सोदुरो, सान पोलो आणि सांता क्रोचे. घरक्रमांक रस्त्यानुसार नसतो, पेठेनुसार चालतो आणि हजारांच्या घरात जातो. ‘कास्तेल्लो ४२००’ एवढ्यावरून घर शोधणे म्हणजे गल्ली न सांगता सदाशिव पेठेतला घर नंबर शोधण्यासारखे. एकाच नावाच्या गल्ल्याही जागोजागी आहेत. हॉटेलकडून जवळचा बोटीचा थांबा, जवळचा चौक आणि वाटेतले पूल, या तिन्ही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. अरुंद बोळांत मोबाइलचा ठिपका शेजारच्या कालव्यात जाऊन उभा राहतो आणि काही बोळ सरळ पाण्यात संपतात. अशा वेळी भिंतींवरच्या पिवळ्या पाट्या कामाला येतात: ‘पेर रिआल्तो’, ‘पेर सान मार्को’, ‘फेर्रोविया’ म्हणजे रेल्वे स्टेशन. एकाच ठिकाणी दोन्ही दिशांना बाण असले तरी पाटी चुकलेली नसते, दोन्ही वाटा पोहोचवतात. चालताना उजवी बाजू धरावी. पुलाच्या पायऱ्यांवर बसून डबा उघडू नये, त्यालाही दंड आहे.

ग्रँड कॅनालवर पूल फक्त चार आहेत. मधल्या भागात पलीकडे जायला ‘त्रागेत्तो’ नावाची साधी गोंडोला आहे, दोन युरोत पार करते. सांता सोफिया चौकाहून रिआल्तोच्या मंडईकडे जाणारी सर्वांत सोयीची. मौजेच्या गोंडोलाचा सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. हा दर नावेचा आहे, माणशी नाही, आणि एका नावेत पाच जण बसतात. बसण्यापूर्वी दर आणि वेळ दोन्ही बोलून घ्यावे.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी भरतीची गोष्ट महत्त्वाची. ऑक्टोबर ते जानेवारी हा तिथे पाणी चढण्याचा हंगाम. ‘११० सेंटिमीटर भरती’ असे वाचून छातीपर्यंत पाणी येईल असे समजू नये. ही उंची १८९७ मध्ये ठरवलेल्या पातळीपासून मोजतात. सान मार्कोचा चौक मुळात सखल, त्यामुळे तेवढ्या भरतीला तिथे पाणी घोट्याच्या वर येत असे. २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी उभारलेले दरवाजे मोठ्या भरतीला वर येतात, पण त्याहून कमी भरतीत या चौकात पाणी दिसू शकते. तेव्हा लाकडी फळ्यांचे मार्ग मांडतात. त्यांवरून चाकांची बॅग ओढणे अशक्य आहे. पाणी फार चढले तर काही बोटींना पुलाखालून जाता येत नाही, त्यांचे मार्ग बदलतात. भरती काही तासांत ओसरते. सामान हलवायची वेळ तेवढी पुढे-मागे करावी.

शेवटी सहल कंपन्यांबद्दल. २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात केवळ दिवसापुरते येणाऱ्यांना प्रवेशशुल्क आहे. २०२५ मध्ये आधी भरले तर पाच युरो, ऐनवेळी दहा, असा दर होता. चौदा वर्षांखालच्यांना ते नाही. मेस्त्रेसह व्हेनिसच्या हद्दीत मुक्काम असणाऱ्यांनाही माफ आहे, पण त्यांनी नोंदणी करून सवलतीचा कोड घ्यायचा असतो. मार्गदर्शकाबरोबरचा गट पंचवीसच्या वर चालत नाही, ध्वनिवर्धकालाही बंदी आहे. चाळीस जणांची बस नेणारी कंपनी गट कसे पाडणार, दुसरा मार्गदर्शक देणार का, हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी विचारावे. बस त्रोन्केत्तो या वाहनतळाच्या बेटावर लागणार की पियात्साले रोमाला, तिथून बोट कंपनीची की आपल्या खर्चाची, बोट कोणत्या धक्क्याला लागणार, तिथून चौकापर्यंत पूल किती, आणि शहरात प्रत्यक्ष किती तास मिळणार, हेही कागदावर घ्यावे. छापील कार्यक्रमपत्रिकेत न्याहारीचे पदार्थ असतात, पुलांची संख्या नसते. ती छापायला कंपन्यांना काहीही खर्च येत नाही. आपल्या पुरवणीनेही पुढच्या इटलीच्या लेखासोबत ही माहिती चौकटीत द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे ३०