मॉडेलमधलं महाबळेश्वर बुटकं आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला गावागावाच्या हवामान अंदाजावरचा लेख आवडला, पण त्यात आपल्या नव्या भारत फोरकास्ट सिस्टीमची ६ किलोमीटरची, ६ किलोमीटरची ग्रिड इतक्यांदा आलीय की वाचणाऱ्याला वाटावं वरून कोणीतरी आपल्या गावाचा फोटोच काढतंय. तसं नसतंय ते. मॉडेल म्हणजे हवामानाचं गणित करणारा संगणकाचा प्रोग्रॅम, आणि ग्रिड म्हणजे त्यानं जमिनीचे पाडलेले तुकडे, एका तुकड्याला सगळं एकच धरतात. मी वाईचा, सध्या पुण्यात एमएस्सीला, आणि प्रोजेक्टसाठी दोन महिने या ग्रिडशीच झटापट चाललीय म्हणून लिहितोय.

आमचं मॉडेल जर्मनांचं, आयकॉन. तिथलं हवामान खातं २०१५ पासून रोजचा अंदाज त्यावर काढतं, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याचा कोड सगळ्यांना खुला झाला. यात पृथ्वीचे चौकोन नाही, त्रिकोण पाडतात. वीस त्रिकोणी बाजूंचा ठोकळा गोलावर बसवायचा आणि एकेका त्रिकोणाचे तुकडे करत सुटायचं, १३ किमीच्या ग्रिडला २९,४९,१२० त्रिकोण होतात. यासाठी झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठवाल्यांनी झोंडा नावाचं वेब टूल केलंय (झोंडा म्हणजे अँडीजवरून अर्जेंटिनात उतरणारा गरम कोरडा वारा, नावं ठेवायला ही मंडळी हौशी). रिझोल्यूशन (तुकडे किती बारीक हवेत ते) भरायचं, आपल्या भागाचे अक्षांश-रेखांश टाकायचे, उंची, माती, लँड यूज (कुठं शेत, कुठं घरं, कुठं झाडी) कुठल्या डेटातून घ्यायचं ते निवडायचं आणि सबमिट. थोड्या वेळानं ग्रिडची फाइल, आणि प्रत्येक त्रिकोणाची उंची, माती, झाडी, तळी भरलेली दुसरी फाइल डाउनलोडला तयार.

मी अर्थातच आधी आमचा घाट शोधला. १३ किमीच्या ग्रिडला एक त्रिकोण साधारण १७३ चौरस किलोमीटरचा आणि त्या अख्ख्याला उंची एकच, सरासरी. महाबळेश्वर खरं साडेतेराशे मीटरच्या आसपास, पण शेजारची खोरी त्याच त्रिकोणात मिसळली आणि गाव काही शे मीटरनं बुटकं झालं, आंबेनळीचा कडा गायब, पोलादपूरपासून वरपर्यंत नुसती घसरगुंडी. आता आमच्याकडं सगळा खेळ त्या कड्याचाच आहे, समुद्रावरचा वारा त्याला धडकून वर चढतो, गार होतो आणि तिथंच कोसळतो, म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस आणि खाली वाईत हजारसुद्धा नाही. कडाच नसेल तर मॉडेल वरचा पाऊस कमी करून खाली वाटत बसणार, मग आजी म्हणते मोबाईलवर ढग आहेत आणि माझे पापड तर वाळले. त्रिकोणाच्या आतल्या खडबडीतपणाचा वेगळा आकडा फाइलमध्ये असतो म्हणा, त्यानं वाऱ्याला थोडी अडवणूक होते, पण कडा काही परत उभा राहत नाही.

मग ३ किमीची मागवली. डोंगर बराच वर आला, कोयनेचं खोरं नीट दिसायला लागलं, बघून बरं वाटलं. पण अंतर निम्मं केलं की त्रिकोण चौपट, वर टाइम स्टेपही (गणित पुढं सरकवायचा वेळेचा टप्पा) निम्मी करावी लागते, म्हणजे काम आठपट. आपल्या अंदाजाला १२ वरून ६ किमीवर यायला पुण्यातल्या पाषाणचा अर्का सुपरकॉम्प्युटर, ११.७७ पेटाफ्लॉपचा (सेकंदाला जवळपास पावणेबारा हजार लाख कोटी गणितं), लागतो तो उगाच नाही.

अजून एक सांगायचं राहिलं, मी निवडलेला लँड यूजचा नकाशा २००९ चा. पुण्याजवळच्या वाघोलीत त्यानंतर जेवढे टॉवर उठले ते मॉडेलच्या गावीही नाहीत, तिथं अजून शेतंच आहेत.

तर मे २०२५ मध्ये आलेल्या आपल्या भारत फोरकास्ट सिस्टीमसाठीही असं एक साधं पान लोकांना मिळावं. मॉडेल चालवायला नको, फक्त गावाचं नाव टाकलं की ६ किमीच्या ग्रिडमध्ये ते किती उंचीवर धरलंय आणि जमीन कसली धरलीय एवढं दिसू दे, चूक कुठं आहे ते आमच्या आळीतला कुठलाही शेतकरी सांगेल.

१३ आणि ३ किमीचे दोन नकाशे सोबत जोडलेत. जागा असेल तर शेजारी शेजारी छापा, रंगीत नसले तरी चालतील.

— एक विद्यार्थी, वाई (सध्या पुणे)