डोळ्याचा दाब का वाढला, हे शोधण्याची सोय मराठवाड्यात करावी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : डोळ्यातील गाठ व दाह यांमुळे होणारा दुय्यम काचबिंदू आणि मराठवाड्यातील तपासणीची व्यवस्था.

महोदय,

बीड जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयांमध्ये नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून २९ वर्षे काम करून मी निवृत्त झालो आहे. शिबिरांत आणि बाह्यरुग्ण विभागात मी तपासलेल्या वृद्धांपैकी बहुतेकांना मोतीबिंदू होता, आणि त्यांच्यासाठी शासनाने उभी केलेली व्यवस्था खरोखर उपयोगी पडते, हे मी आधी कृतज्ञतेने नोंदवतो. हे पत्र मात्र संख्येने थोड्या असलेल्या वेगळ्या रुग्णांविषयी आहे. त्यांच्या डोळ्याचा दाब वाढलेला आढळतो, केसपेपरवर ‘काचबिंदू’, म्हणजे वाढत्या दाबाने डोळ्याची नस सुकवणारा आजार, असे लिहिले जाते, दाब उतरवणारे थेंब दिले जातात, आणि तो दाब मुळात कशामुळे वाढला हे पाहण्याआधीच रुग्ण घरी गेलेला असतो. असा दुसऱ्या आजारातून उद्भवणारा काचबिंदू तो दुय्यम काचबिंदू.

एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तिचे आईवडील दरवर्षी उचल घेऊन ऊसतोडीला जाणारे. ती दोन वर्षांची असताना रात्री फडातून परतताना ट्रॅक्टरच्या दिव्यांच्या उजेडात तिचा एक डोळा मांजरासारखा चमकतो, हे आईच्या लक्षात आले होते. टोळीतल्या बायकांनी ‘घारा डोळा आहे, काळजी नको’ असे सांगितले. हंगाम मध्यावर होता आणि मुकादमाची उचल फिटायची होती, म्हणून गावी परतल्यावर दाखवू असे ठरले. परतेपर्यंत तो डोळा लाल झाला होता, दुसऱ्यापेक्षा मोठा दिसू लागला होता आणि मुलगी रात्र रात्र रडत होती. जिथे पहिल्यांदा दाखवले तिथे दाब वाढल्याचे सांगून थेंब देण्यात आले, आणि ते थेंब त्या माउलीने दोन महिने एक वेळही न चुकवता घातले. माझ्यासमोर ती आली तेव्हा अंधाऱ्या खोलीत ऑफ्थाल्मोस्कोपचा, म्हणजे डोळ्याच्या आत पाहण्याच्या उपकरणाचा, प्रकाश टाकताच बाहुलीतून नेहमीची तांबूस चमक येण्याऐवजी पांढरी चमक आली. तो रेटिनोब्लास्टोमा होता, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग. हैदराबादला नेऊन तो डोळा काढावा लागला. मुलगी वाचली. ते थेंब घालण्यात गेलेले दोन महिने मात्र मला आजही सलतात, कारण दाब खरोखरच वाढलेला होता आणि थेंब दाबाचेच होते. त्या दाबामागे काय आहे एवढेच कोणी पाहिले नव्हते.

महोदय, डोळ्याच्या आत एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो. तो बाहुलीतून पुढे येतो आणि बुबुळाचा रंगीत पडदा व पुढची पारदर्शक काच जिथे मिळतात, त्या कोपऱ्यातील बारीक जाळीतून झिरपून रक्तात मिसळतो. जेवढा द्रव तयार होतो तेवढाच निचरला, तर दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा एवढा राहतो. जायकवाडीच्या चाऱ्यांवर पाण्याची पाळी धरलेल्या कोणाही शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. चारीत गाळ साचला तरी पाणी तुंबते, दरवाजा अडकला तरी तुंबते आणि काठ आत ढासळला तरी तुंबते, पण या तिन्हींवर इलाज एक नसतो. डोळ्यात दाह झाला की त्यातल्या पेशी आणि प्रथिने गाळासारखी जाळीत अडकतात किंवा जाळीलाच सूज येते. दाह लांबला की बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटते, द्रव पुढे येऊ शकत नाही आणि रंगीत पडदा फुगून कोपरा बंद करतो. गाठ असेल तर ती मागून रेटा देऊन कोपरा मिटवते, स्वतःच्या पेशी जाळीत सोडते, किंवा तिच्यामुळे कोपऱ्यावर नको असलेल्या नाजूक रक्तवाहिन्या वेलीसारख्या पसरतात. लहान मुलांच्या डोळ्याचे आवरण लवचीक असते, म्हणून दाब वाढला की त्यांचा अख्खा डोळाच मोठा होतो. त्या मुलीचा डोळा मोठा दिसत होता तो यामुळे.

रेटिनोब्लास्टोमा दुर्मीळ आहे, साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला होतो, आणि बहुतेक मुलांमध्ये पाच वर्षांच्या आत दिसून येतो. दुर्मीळ आजारासाठी व्यवस्था कशाला, असा प्रश्न प्रशासनात विचारला जातो, म्हणून लिहितो की वेळेत सापडल्यास ज्यातून बहुसंख्य मुले वाचतात अशा बालकर्करोगांपैकी हा एक आहे. लवकर सापडला तर केमोथेरपी आणि लेझरने अनेकदा डोळाही वाचतो. उशीर झाला तर गाठ डोळ्याच्या नसेतून मेंदूकडे जाते. काही मुलांत तो जन्मजात जनुकदोषातून येतो, तेव्हा दुसरा डोळा आणि भावंडे यांचीही वारंवार तपासणी करावी लागते. आणि सगळ्यांत गंभीर बाब अशी की, आत गाठ आहे हे न ओळखता केवळ दाब कमी करण्यासाठी अशा डोळ्यावर शस्त्रक्रिया केली, तर गाठीच्या पेशींना डोळ्याबाहेर पडण्याची वाट आपणच करून देतो.

मोठ्या माणसांत डोळ्याच्या आतील मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, आपल्याकडे कमी आढळतो, परंतु स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगाचे बीज डोळ्यात येऊन रुजल्याची उदाहरणे नेत्रतज्ज्ञांना परिचित आहेत. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलाच्या डोळ्यात कर्करोगाच्या पेशी साचून हुबेहूब दाहासारखे चित्र दिसू शकते. म्हणून एकाच डोळ्याचा दाब वाढला आहे, कारण कळत नाही आणि मोतीबिंदूमुळे वा इतर कारणाने आतला पडदा दिसत नाही, अशा वेळी डोळ्याची सोनोग्राफी, जिला आम्ही बी-स्कॅन म्हणतो, झाल्याशिवाय त्या डोळ्याला हात लावू नये.

दाहाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण गाठीपेक्षा दाहाचे रुग्ण कितीतरी अधिक असतात आणि घोटाळाही इथेच होतो. डोळ्याच्या मधल्या थराला दाह होतो त्याला युव्हायटिस म्हणतात. डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही, आणि गावात त्याला ‘डोळे आले’ असेच म्हटले जाते. साथीच्या डोळे येण्यात चिपडे येतात आणि काही दिवसांत डोळा निवळतो; युव्हायटिसमध्ये चिपडे नसतात, आतून ठणका असतो, नजर धूसर होते आणि दुखणे पुन्हा पुन्हा उलटते. त्यामागे क्षयरोग, कुष्ठरोग, सिफिलिस, डोळ्याभोवती उठलेली नागीण किंवा सांध्यांचा आजार असू शकतो. कित्येकदा शोधूनही कारण सापडत नाही. सांधे सुजणाऱ्या लहान मुलांमध्ये तर डोळा पांढराशुभ्र असताना, न दुखता, आत दाह चालू राहतो, आणि तो स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पाहिल्याशिवाय कळत नाही.

दाह ऐन भरात असताना द्रव तयार करणारा भागच मंदावतो, त्यामुळे दाब पुष्कळदा कमी भरतो. तपासणारा निश्चिंत होतो. औषधाने दाह उतरू लागतो, द्रव पुन्हा पूर्वीसारखा तयार होऊ लागतो, आणि तोवर जाळी खराब झालेली असेल तर तेव्हा कुठे दाब चढतो. त्यात भर अशी की, या दाहावरचे मुख्य औषध असलेले स्टेरॉइडचे थेंबही दाब वाढवू शकतात. सर्वसाधारण लोकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश जणांत काही आठवड्यांच्या वापराने तो कमी-अधिक वाढतो. म्हणजे स्टेरॉइड बंद केले तर दाहाने डोळा जातो आणि देखरेखीविना चालू ठेवले तर दाबाने. अशा रुग्णाला एकदा तपासून भागत नाही, महिनोन् महिने त्याच्या मागे राहावे लागते. आणि ज्याला त्यासाठी दर खेपेला रोजगार बुडवून बसने जिल्ह्याच्या गावी जावे लागते, तो तिसऱ्या खेपेला येत नाही. याला मी रुग्णाचा निष्काळजीपणा म्हणायला तयार नाही.

हेच स्टेरॉइडचे थेंब आपल्याकडे चिठ्ठीशिवाय सहज मिळतात. कोरड्या, धुळीच्या उन्हाळ्यात मुलांच्या डोळ्यांना ॲलर्जीची खाज सुटते, मेडिकलमधून थेंब आणले जातात, दोन दिवसांत उतार पडतो, आणि मग दर उन्हाळ्यात तीच बाटली घरात येते. नववीतल्या एका मुलाला चष्म्याचा नंबर तपासावा म्हणून वडील माझ्याकडे घेऊन आले होते. चार वर्षे असे थेंब वापरून त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या नसा सुकत आल्या होत्या आणि बाजूची नजर जवळजवळ संपली होती. त्याला कधी काही दुखले नव्हते. औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांच्या अनुसूची ‘एच’नुसार ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची असतात, म्हणजे नवा कायदा करण्याचीही गरज नाही.

आता माझ्या विनंत्या. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत स्लिट लॅम्प आणि दाब मोजण्याचे यंत्र केवळ साठा नोंदवहीत असून उपयोग नाही, ती चालू स्थितीत हवीत. मी काम केलेल्या एका ठिकाणी साधा बल्ब गेला म्हणून स्लिट लॅम्प आठ महिने कापडाखाली झाकलेला होता. बल्ब, दुरुस्ती आणि बाहुली मोठी करणारे थेंब यांसाठीचा खर्च स्थानिक पातळीवर करण्याची मुभा द्यावी. नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांनी भरायच्या मासिक अहवालात आम्हाला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा आकडा विचारला जाई. काचबिंदूच्या नोंदीसमोर कारण लिहायला जागाच नसे. तो एक रकाना वाढवावा. कारण लिहायचे आहे म्हटले की ते शोधले जाते, हा माझा अनुभव आहे.

बालकांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा भेट देतात. परंतु त्यांतली एक भेट बहुधा हंगामात येते, तेव्हा ऊसतोड कुटुंबांची मुले कारखान्यांच्या तळांवर असतात. शिवाय पत्र्याच्या अंगणवाडीत भर दुपारी बाहुली इतकी लहान झालेली असते की बॅटरीच्या उजेडात आतली चमक दिसणे कठीण. त्यापेक्षा नऊ महिने आणि १६ ते २४ महिने या वयातील लसीकरणासाठी बाळ आरोग्य केंद्रात येते, त्याच वेळी खोली अंधारी करून ऑफ्थाल्मोस्कोपने दोन्ही डोळ्यांतील तांबूस चमक पाहावी व माता-बाल संरक्षण कार्डावर तशी नोंद करावी. यास मिनिटभरही लागत नाही. आशा सेविकांना आणि अंगणवाडी सेविकांना एकच सांगावे, की बाळाच्या डोळ्यात पांढरी चमक, तिरळेपणा किंवा एक डोळा मोठा दिसला तर बाळाला आठवडाभराच्या आत नेत्रतज्ज्ञांकडे पोचवायचे. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये काढलेल्या फोटोतही ही पांढरी चमक पुष्कळदा दिसते, आणि आज मोबाइल टोळीतही असतो.

पुढचा प्रश्न पाठवायचे कोठे, हा आहे. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरचे विलासराव देशमुख ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये मराठवाड्यात आहेत, परंतु ती आपल्या विभागाकडे नसून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत. अन्न व औषध प्रशासनही आपल्या विभागाबाहेर आहे. खेड्यातल्या बाईला ही विभागणी ठाऊक नसते, ती फक्त एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जात राहते. आपण संबंधित मंत्र्यांबरोबर एकत्र बसून यांपैकी किमान एका महाविद्यालयात आठवड्यातून एक दिवस युव्हायटिस व दुय्यम काचबिंदूची स्वतंत्र तपासणी सुरू करावी, तिथे बी-स्कॅन, कोपरा पाहण्याची गोनिओस्कोपी आणि क्षय, सिफिलिस यांच्या तपासण्या एकाच दिवशी व्हाव्यात. डोळ्यात गाठ आढळलेल्या बालकाला मुंबई किंवा हैदराबादला न्यायचे झाल्यास त्याच्यासह एका पालकाचा प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजगाराची भरपाई द्यावी, आणि डोळा काढावा लागलेल्या मुलांना कृत्रिम डोळा मोफत मिळावा. मूल वाढते तसा तो डोळा बदलावा लागतो, म्हणून ही मदत एकदाच देऊन थांबवू नये.

ही सर्व कामे एका वर्षात होणार नाहीत, याची मला जाणीव आहे. लसीकरणाच्या वेळी डोळ्यांतील चमक पाहण्याचा आदेश मात्र एका परिपत्रकाने निघू शकतो. दसरा झाला की आमच्या भागातून ट्रॅक्टर भरून टोळ्या निघू लागतात आणि लहान मुले आईवडिलांबरोबर पाच-सहा महिन्यांसाठी बाहेर जातात. तो आदेश यंदा दसऱ्यापूर्वी निघावा, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. केज, धारूर आणि वडवणी तालुक्यांतील सेविकांना ही तपासणी शिकवण्यासाठी मी कोणत्याही मानधनाशिवाय येण्यास तयार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी,
बीड जिल्हा