मदरबोर्ड ठीक आहे, कॅमेरा ॲप दुरुस्त करा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: व्हिडिओ रेकॉर्डिंग ४ जीबीला तुटणे, ‘स्टोरेज भरले आहे’ हा खोटा संदेश, आणि त्यावर सुचवलेली मदरबोर्ड बदली

आजच्या फोननंतर तुमच्या हेल्पलाइनशी बोलणे बंद केले आहे. हे पत्र तिकडे वळवू नये. कॅमेरा ॲप ज्यांनी लिहिले त्यांच्याकडे द्यावे, त्यांना दोन ओळींत कळेल.

मागच्या सिस्टिम अपडेटपासून ४के, ३० फ्रेमवर रेकॉर्डिंग लावले की बाराव्या मिनिटाच्या आसपास ॲप बंद पडते. या सेटिंगला तुमचे ॲप सेकंदाला सुमारे ४८ मेगाबिट लिहिते, म्हणजे मिनिटाला ३६० एमबी, बारा मिनिटांत ४ जीबी. १०८०पी लावले (१७ मेगाबिट) की तेच तेहेतिसाव्या मिनिटाच्या सुमारास. वेळ बदलते, ४ जीबी बदलत नाही. तिथे चालू फाइल बंद करून पुढची उघडायची असते आणि नेमके तिथेच ॲप आडवे होते. तेव्हा ‘फोन तापत असेल’ हे उत्तर पुन्हा नको. इंदूरला अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथांची मिरवणूक) रात्रभर चालतात, बारा मिनिटांत त्यातले काय हाती लागणार?

खरा घोळ त्यापुढे आहे. फाइल नीट बंद झाली नाही की तिच्या शेवटी लिहायची अनुक्रमणिका, म्हणजे ‘मूव’ नावाचा भाग, लिहिलाच जात नाही. व्हिडिओ चालत नाही. वर नावाच्या सुरुवातीचे ‘.पेंडिंग-’ तसेच राहते. टिंबाने सुरू होणारी फाइल गॅलरीत दिसत नाही, तुमच्या फाइल मॅनेजरमध्येही नाही. जागा मात्र खाते. यूएसबी डीबगिंग चालू करून संगणकावरून एडीबीने (फोनला संगणकावरून आज्ञा देणारे साधन) डीसीआयएममधले, म्हणजे फोटो-व्हिडिओ साठवायच्या जागेतले, कॅमेरा फोल्डर उघडले, तर अशा फाइलींनी ३१ जीबी अडवलेले. त्या नावातला दहा आकडी नंबर ही मुदत असते, साधारण सात दिवसांची. ती उलटली की फोनने फाइल आपणहून पुसायची. मुदती केव्हाच उलटल्या, फाइली जागच्या जागी. म्हणून तुमचा ‘स्टोरेज भरले आहे’ हा संदेश आधी खोटा असतो (सेटिंग्जमध्ये २२ जीबी मोकळे दिसत असताना येतो) आणि या फाइली साचत गेल्या की खराही होतो!

सेफ मोडमध्येही (यात फोनचे मूळ ॲपच चालतात) हेच होते, म्हणजे बाहेरच्या ॲपचा संबंध नाही. मेमरी कार्ड काढले तरी हेच. दुसऱ्या कॅमेरा ॲपने त्याच लेन्समधून ४ जीबी ओलांडून रेकॉर्डिंग नीट झाले, म्हणजे कॅमेरा मॉड्यूल आणि तो जोडणारी फ्लेक्स केबल ठीक. १० जीबीची फाइल फोनमध्ये टाकून परत काढली, चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का ते सांगणारा आकडा) जुळला, म्हणजे स्टोरेज चिपही ठीक. तरी तुमच्या सर्व्हिस सेंटरच्या जॉब शीटवर ‘मदरबोर्ड बदली’. चिप मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, स्टोरेजचा एरर दिसला की मदरबोर्ड, एवढाच तर्क. जेल रोडवरचा दुरुस्तीवाला पोरगा निदान फोन उघडून बघतो.

आता आजचा संवाद, कारण तो तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये ‘गुणवत्तेसाठी’ जपून ठेवला असेलच. वरचे सगळे सांगून झाल्यावर प्रतिनिधी म्हणाले, “सर, कॅमेरे का लेन्स मुलायम कपड़े से साफ किया?” केले म्हटले. मग कॅशे, म्हणजे ॲपच्या तात्पुरत्या फाइलींचा साठा, साफ करायला सांगितला. कॅशे ॲपच्या खासगी फोल्डरात, या फाइली डीसीआयएममध्ये, हेही सांगितले. थोडा वेळ संगीत. मग: “सर, प्रॉब्लम का वीडियो बनाकर भेज दीजिए.” कोणत्या फोनने, असे विचारले. “सर, अपने ही फोन से.” ज्या फोनमध्ये व्हिडिओ बनत नाही, त्या फोनने, त्या फोनमध्ये व्हिडिओ बनत नाही याचा व्हिडिओ! हे मी त्यांना सावकाश, शब्द सुटे करून सांगितले. पुन्हा संगीत. “ठीक है सर, स्क्रीनशॉट भी चलेगा.” स्क्रीनशॉट आणि फाइलींची यादी मी पहिल्याच ईमेलला जोडली होती. तासाभरात मेसेज आला: ग्राहकाकडून पुरावा न मिळाल्याने तक्रार बंद. वा.

फॅक्टरी रीसेटचा सल्ला तर पाठच झाला आहे. रीसेटने ३१ जीबी मोकळे होतील, खरे आहे; घर जाळले की ढेकूणही मरतात. पण ॲप तेच राहील, आणि पुढच्या ४ जीबीला पुन्हा तेच. मदरबोर्ड बदलला तरी तेच. मदरबोर्डचा काही दोष नाही, हे कितीदा लिहायचे?

कॅमेरा ॲपची दुरुस्त आवृत्ती कोणत्या तारखेला येणार ते लेखी कळवा, तोपर्यंत आधीच्या आवृत्तीवर परतायचा मार्ग द्या. बंद केलेली तक्रार उघडा. जॉब शीटवरील ‘मदरबोर्ड बदली’ रद्द करून तसे सही-शिक्क्यानिशी द्या. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली इंदूरच्या जिल्हा आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रारदार राहतो त्या गावी दावा लावता येतो, तुमचे मुख्यालय कुठेही असो. घरात तुमचेच फोन घ्यायचे असा आजवर शिरस्ता होता. पुढचा फोन घेताना तो मोडेल.

सोबत: बिल, जॉब शीट, एडीबीची फाइल यादी, चेकसमचे निकाल. व्हिडिओ जोडलेला नाही, कारण वर दिले आहे.

एक ग्राहक,
इंदूर