मागांची जागा ठरवण्याआधी

इचलकरंजी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. चालू शेड वाढवून बाराचे चोवीस माग करतोयस, फार बरं वाटलं. मात्र मागांचा पाया भरण्याआधी आवाजाचा नकाशा, म्हणजे शेडमध्ये कुठल्या जागी किती आवाज आहे ते, काढू, हा माझा आग्रह आहे.

तू लिहितोस, माग दुप्पट झाले तर आवाज तीनच डेसिबलने वाढेल, त्यात काय मोठंसं? अरे, तीन डेसिबल म्हणजे कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट. आपल्या कारखाना नियमांत ८ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि दर ५ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने ९७ डेसिबलमध्ये माणसाने तीनच तास थांबावं. अमेरिकेतल्या नायॉश या संशोधन संस्थेची शिफारस ८५ डेसिबलची आहे, आणि तिथे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्यांच्या मते ९७ ला अर्धाच तास. मला हाच हिशेब पटतो. आपल्याकडे पाळी बारा तासांची असते, हे तुला सांगायला नको.

गेल्या महिन्यात तुझ्याएवढ्याच एका शेडमध्ये मोजणी केली. जमिनीवर खडूने चौकोन आखले, सगळे माग चालू ठेवले आणि प्रत्येक चौकोनात कानाच्या उंचीवर आवाज मोजायचा मीटर धरला. मागांमध्ये ९८ आला, त्याचं नवल नव्हतं. पण पार कोपऱ्यात, जिथे बायका कांड्या, म्हणजे धोट्यात बसणारी सुताची रिळं, भरतात, तिथेही ९२! त्यांच्या हाताखाली एकही माग नाही, म्हणून त्यांचा विचार कुणी केलेलाच नव्हता. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. वर पत्रा आणि चारी बाजूंना टणक भिंती असल्या की तो परतून येतो. ठरावीक अंतरापुढे कितीही लांब बसा, फारसा फरक पडत नाही.

तुझे नवे माग अजून आलेले नाहीत, तरी अंदाज बांधता येतो. चालू मागांची मोजणी, शेडचं आकारमान आणि पत्रा-भिंती किती आवाज शोषतात, एवढं हाताशी असलं की पुरे. मग कोण कुठे किती वेळ असतो ते लिहायचं. माग दुरुस्त करणारा जॉबर दिवसभर फिरतो, त्याचा हिशेब वेगळाच निघेल.

कांडीची खोली भिंत घालून वेगळी कर, हे मी आत्ताच सांगतो. पत्र्याखाली शोषक थर दिलास तर लांबच्यांना आराम पडेल, पण मागाशी उभ्या असलेल्याला जवळजवळ काहीच नाही. त्याच्या कानाशी आडवं सूत घेऊन धावणाऱ्या धोट्याचा ठोका थेट येतो. त्याच्यासाठी धोट्याला ठोकर देणारा पिकर आणि धक्का झेलणारा बफर यांची निगा हवी, आणि कानात नीट बसणारे प्लग.

आवाजाने कान जातो तो आधी ४००० हर्ट्झच्या आसपास. माणसाला हाक ऐकू येते, पण स, श, त, क निसटतात आणि शब्द लागत नाही. घरचे म्हणतात, लक्ष नसतं याचं. गेलेलं ते परत येत नाही, सुहास, म्हणून एवढा मागे लागलोय.

मंगळवारी मीटर घेऊन येतो. मागांचा आराखडा काढून ठेव आणि त्या वेळी सगळे माग चालू राहतील असं बघ. काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश