दुभाषी आधी, रुग्ण नंतर

मेलबर्न

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

सुरगाणा-पेठेकडचे कोकणा बोलणारे आणि सटाणा-मालेगावकडचे अहिराणी बोलणारे रुग्ण नाशिकच्या डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवताना मध्ये दुभाषी कसा घ्यायचा, असं तुम्ही विचारलंत. इथे जे रोज चालतं त्यातलं तुमच्या ओपीडीला उपयोगी पडेल तेवढं लिहिते.

पहिली गोष्ट क्रमाची. लिंकवर आधी डॉक्टर, मग दुभाषी आणि शेवटी रुग्ण. हे उलटं झालं की डॉक्टर थांबत नाहीत, मोडक्यातोडक्या बोलण्यात सुरुवात करतात. दुभाषी येईपर्यंत निम्मी हकिगत अंदाजाने लिहिली गेलेली असते आणि ती कुणी पुन्हा विचारत नाही. म्हणून व्हिडिओ कॉलमधली वेटिंग रूम चालूच ठेवा. रुग्णाला आत घेण्याआधी दुभाष्याला एक मिनिट द्या: बाई आहे की पुरुष, वय काय, आज नुसती विचारपूस आहे की रिपोर्ट सांगायचा आहे. बातमी वाईट असेल तर त्याला आधी कळलेलं बरं, नाहीतर तोच अडखळतो.

वेळ दुप्पट धरा. प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जाणार, म्हणजे 15 मिनिटांच्या जागी 30. आणि भाषा नोंदवायची ती नाव नोंदवतानाच. "मराठी येतं का?" असं विचारलं की सगळे "हो" म्हणतात. "घरी काय बोलता?" असं विचारा.

झूममध्ये भाषांतरासाठी वेगळा ऑडिओ चॅनल मिळतो. तो सभा-परिषदांसाठी ठीक, ओपीडीत नको. त्यात मूळ आवाज मागे दबतो आणि डॉक्टरांना तर रुग्णाची धाप, कण्हणं, थांबणं ऐकायलाच हवं. दुभाष्याला साधा तिसरा माणूस म्हणून घ्या. एकाने बोलायचं, थांबायचं, मग दुसऱ्याने. दोन-तीन वाक्यांपेक्षा जास्त एका दमात नको.

गावाकडे नेट ढेपाळलं तर आधी दुभाष्याचा कॅमेरा बंद करा, मग डॉक्टरांचा, रुग्णाचा सगळ्यात शेवटी. नुसत्या आवाजाला सेकंदाला 60 ते 80 किलोबिट पुरतात. खुणांच्या भाषेचा दुभाषी असेल तर मात्र त्याचा कॅमेरा कधीच बंद करता येत नाही. नेटवर नुसता आवाजही जमला नाही तर बोलणाऱ्या दुभाष्याला फोनवर घ्या. इथे 131 450 हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, 150 हून जास्त भाषांचे दुभाषी त्यावर मिळतात आणि पुष्कळ डॉक्टर स्पीकरवर तेवढ्यावरच काम भागवतात. आवाज घुमायला लागला तर समजायचं की एकाच खोलीत दोन फोन चालू आहेत. आशाताईचा (गावच्या आरोग्य कार्यकर्तीचा) आणि रुग्णाचा. एक बंद करायला सांगा.

आता शब्दांचं. यावर मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण चूक इथे होते आणि दिसत नाही. "परवापासून दुखतंय" आणि "परवा या" यातला परवा एकच, दिवस मात्र वेगळे. म्हणून दुभाष्याने वार आणि तारीखच बोलावी. हिंदीतल्या "कल"चंही तेच. "दिवसाआड" म्हणजे एक दिवस सोडून, पण घाईत ते "रोज" होऊन बसतं. "दीड गोळी"चं "एक-दोन गोळ्या" होतं. "चमचाभर औषध" म्हटलं तर कुठला चमचा? 5 मिलीचं माप दाखवून सांगा. "घाबरल्यासारखं होतंय" हे छातीत धडधडणं असू शकतं, मनाची भीतीच असेल असं नाही. इथे दुभाष्याने अर्थ लावू नये. शब्द जसाच्या तसा द्यावा आणि "डॉक्टर, याचे दोन अर्थ होतात" असं उघड सांगावं. शेवटी रुग्णाकडून गोळ्यांच्या वेळा त्याच्याच शब्दांत वदवून घ्या. "समजलं का?" या प्रश्नाला काही अर्थ नाही.

नातेवाइकांना दुभाषी करू नका, लहान मुलांना तर मुळीच नाही. सुनेची पाळी चुकल्याचं सासू कसं सांगणार? 1980 साली फ्लोरिडात एका 18 वर्षांच्या मुलाच्या घरच्यांनी खाण्यातून बाधा झाली अशा अर्थाने "इन्तोक्सिकादो" हा स्पॅनिश शब्द वापरला. डॉक्टरांनी नशापाणी समजून उपचार केले, मेंदूतला रक्तस्राव राहून गेला आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. दुभाषी बोलावलाच नव्हता.

कोकणा बोलणारं माणूस शोधाल ते शक्यतो दुसऱ्या तालुक्यातलं घ्या. सुरगाण्यात कोण कुणाचं पाव्हणं निघेल सांगता येत नाही आणि ओळखीचा आवाज ऐकला की बाया अंगावरून जाण्याचं बोलतच नाहीत. स्क्रीनवर नावाऐवजी "दुभाषी" एवढंच ठेवा. केसपेपरवर दुभाष्याचा क्रमांक, भाषा, सुरू आणि संपल्याची वेळ लिहा. त्याने "मी" म्हणून, म्हणजे रुग्णाच्याच तोंडून बोलल्यासारखं बोलायचं आणि डॉक्टरांनी "त्यांना विचारा" न म्हणता थेट रुग्णाकडे बघून बोलायचं.

पहिल्यांदा मधुमेहाच्या जुन्या रुग्णांवर करून बघा; नवीन रुग्ण एकदम घेऊ नका. दुभाष्यांना शिकवायला मी व्हिडिओवर येईन. आमचं घड्याळ तुमच्या साडेचार तास पुढे, ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत साडेपाच. तेव्हा तुमची दुपार बरी पडेल.

आईबाबांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
मेधा