रस्त्यावरचा खड्डा आणि तारेवरचा खड्डा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात मुंबई-गोवा महामार्गावरच्या खड्ड्यांची बातमी होती. पाण्याने भरलेला खड्डा, शेजारी एका अंगाला कललेली मोटार आणि फोटोखाली ओळ : 'खड्ड्यात आदळून स्प्रिंगचे दोन तुकडे'. खड्ड्यांबद्दल लिहिलेत ते बरे केलेत. चौपदरीकरणाचे नाव काढले की आम्ही इथली माणसे आता रागावतसुद्धा नाही. पण त्या ओळीपाशी मी अडलो. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका स्प्रिंग कारखान्यात माझी नोकरी झाली. त्यातली शेवटची बरीच वर्षे तुटून परत आलेल्या स्प्रिंगांची तोंडे तपासण्यात गेली. धडधाकट स्प्रिंग एका आदळण्यात तुटली, असे प्रकरण माझ्या टेबलावर फारच क्वचित आले.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. माझ्या चुलतभावाची सात वर्षांची मोटार आमच्या खळ्यात उभी होती. इंजिन बंद. मुलांनी डिकीत नारळांचे दुसरे पोते टाकले आणि खालून 'ताड' असा आवाज आला. भाऊ म्हणाला, "टायर फुटला काय रे?" टायर शाबूत होता, मागची डावी स्प्रिंग खालून पहिल्या वेढ्यापाशी तुटली होती. आता खळे शेणाने सारवलेले, सपाट. इथे कुठल्या खात्याचा खड्डा दाखवायचा?

तुकडा काढून आणल्यावर मी त्याचे तोंड रॉकेलने पुसले आणि उन्हात धरले. तार करंगळीएवढी जाड. तोंड सरळ कापल्यासारखे नव्हते, साधारण ४५ अंशांत तिरके होते. कडेला टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका. त्याला लागून, नखाच्या मुळाशी जो पांढरा चंद्र असतो तेवढा, तपकिरी पण गुळगुळीत भाग. बाकीचे सगळे तोंड राखाडी आणि खरबरीत, फोडलेल्या गुळाच्या ढेपेसारखे. राखाडी भाग त्या दिवशीचा, नारळांच्या पोत्याचा. तपकिरी चंद्र मात्र जुना. भेग आधीपासून उघडी होती आणि तिच्यात पाणी शिरत होते, म्हणून तर तो गंजला. इतक्या कडक पोलादाला मोठी भेग लागतही नाही. एक-दोन मिलिमीटर गेली की उरलेली तार एका झटक्यात सुटते. काळा ठिपका सगळ्यांत जुना. त्याच्याकडे येतोच.

आधी तोंड तिरके का, ते सांगतो. स्प्रिंग दाबली की आपल्याला ती आखूड झालेली दिसते, पण तिची तार त्या वेळी पिळली जात असते. शाळेतला खडू दोन्ही टोकांना धरून पिळून बघा, तो असाच तिरका तुटेल. वाकवून मोडलात तर बऱ्यापैकी सरळ मोडेल. पिळाचा सगळ्यांत जास्त ताण तारेच्या पृष्ठभागावर येतो, आणि वेढ्याच्या आतल्या बाजूला आणखी जास्त. तार १२ मिलिमीटरची आणि वेढा १२५ मिलिमीटरचा असेल तर आतल्या अंगाला साध्या हिशेबापेक्षा सुमारे १४ टक्के जादा. म्हणजे स्प्रिंगचे आयुष्य तिच्या कातडीवर ठरते. पोटातले पोलाद कितीही चांगले असो, त्याला फारसे कुणी विचारत नाही.

आणि हा पीळ किती वेळा? मोटारीचे धूड स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक-सव्वा वेळा वरखाली होते. ताशी ४० किलोमीटरने एक किलोमीटर जायला ९० सेकंद लागतात, म्हणजे शंभराच्या आसपास हेलकावे. एक लाख किलोमीटरला एक कोटी. त्यातले बहुतेक किरकोळ, पण गतिरोधक आणि खड्डे यांचे मोठे हेलकावे मोजून काढावे इतके थोडेही नाहीत. बादलीची तार पुढे-मागे वाकवून आपण सगळ्यांनीच लहानपणी तोडली आहे. पण ती डोळ्यांदेखत वाकते. स्प्रिंग कुठेच वाकत नाही, दर वेळी जागेवर परत येते, आणि तरी थकते. रेल्वेवाल्यांना हे फार महागात समजले. १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस (दोन चाके जोडणारा दांडा) तुटला आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढे प्रशियातल्या ऑगस्ट व्होलर या रेल्वे इंजिनिअरने आसांना पुन्हा पुन्हा ताण देऊन वर्षानुवर्षे प्रयोग केले. एका खेपेला सहज पेलवणारा ताण लाखो खेपांनी पोलाद तोडतो, हे त्यातून पक्के झाले. ताण एका मर्यादेच्या खाली ठेवला तर पोलाद जवळजवळ कितीही खेपा सोसते, हेही त्यातूनच कळले. त्या मर्यादेच्या वर दहा टक्के ताण वाढला तर आयुष्य निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकते.

म्हणून कारखान्यात सगळी मेहनत त्या कातडीवर. सिलिकॉन-क्रोमचे पोलाद लाल करून वेढे घालायचे, तेलात बुडवायचे, चारशे अंशांच्या आसपास पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवायचा. भट्टीत पृष्ठभागाचा कार्बन जळाला तर कातडी मऊ पडते, म्हणून त्यावर डोळा ठेवायचा. मग शॉट पीनिंग : बारीक पोलादी छऱ्यांचा मारा. ते मशीन चालू असले की पत्र्यावर आषाढातला पाऊस पडतो आहे असे वाटते. प्रत्येक छरा पृष्ठभाग किंचित ठोकून जातो आणि वरचा थर आतल्या आत दाबलेला राहतो. पीळ भेग उघडायला बघतो, हा दाब ती मिटून धरतो. हे चिलखत किती जाड? पाव मिलिमीटरच्या आसपास. वहीची दोन-तीन पाने.

त्यावर रंगाचा लेप. आणि इथे आमचे कोकण येते. स्प्रिंगचा खालचा वेढा एका वाटीत बसतो. त्या वाटीत जांभ्याचा चिखल, बारीक खडी आणि पाणी जमते. हलताना वेढा त्या खडीवर घासतो, लेप निघतो, आणि किनाऱ्यावरची खारी हवा वर्षभर असतेच. गंज पसरट चढला तर फार बिघडत नाही. तो एका जागी रुतून बसला की तारेवर खड्डा पडतो. हा खड्डा पाव मिलिमीटर खोल गेला की चिलखत संपले. भावाच्या स्प्रिंगवरचा टाचणीएवढा काळा ठिपका तो हाच. शिवाय व्होलरने सांगितलेली ती सुरक्षित मर्यादा कोरड्या हवेतली. ओल आणि मीठ आले की ती मर्यादाच उरत नाही. ताण कमी असला तरी भेग सरकत राहते, फक्त सावकाश.

'जुन्या गाड्यांच्या स्प्रिंगा तुटत नव्हत्या' हे माझ्या वयाच्या लोकांचे ठरलेले वाक्य आहे. त्यात थोडे तथ्य आहे. वजन कमी करण्यासाठी आजची तार बारीक आणि जास्त ताणाची केली आहे, त्यामुळे तिला गंजाची चूक पचत नाही. शिवाय पद्मिनी मोटारीला मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, होते. एक पाटा तुटला तर बाकीचे गाडी घरी आणत. वेढ्यांची स्प्रिंग, म्हणजे कॉइल, एकटी असते.

पण गंजावर खापर फोडून आपण मोकळे होऊ नये. तारेवर एकदा भेग पडली की तिला रोज थोडी पुढे ढकलण्याचे काम रस्त्यावरचे खड्डे इमाने इतबारे करतात. माझे म्हणणे एवढेच की, शेवटच्या खड्ड्याला पकडून आधीचे हजारो खड्डे सुटतात, आणि त्यांच्याबरोबर आपण गाडीवालेही सुटतो. गाडीची उंची वाढावी म्हणून वेढ्यांत रबरी बफर कोंबणारे आपणच. तो बफर एक-दोन वेढे जखडतो, त्यांचा पीळ उरलेल्यांवर जातो आणि खाली चिखल धरून ठेवतो तो वेगळाच. याउलट गाडी बसकी दिसावी म्हणून गॅसकटरने वेढा कापणारी पोरेही मी पाहिली आहेत. कापलेल्या टोकाजवळचे पाणी, म्हणजे तापवून तेलात बुडवून आणलेला कडकपणा, त्या ज्योतीत गेलेच म्हणून समजा. गेल्या पावसाळ्यात एका गॅरेजात तुटलेली स्प्रिंग वेल्डिंग करून 'नव्यासारखी' झालेली बघितली, तेव्हा मला खरेच हात जोडावेसे वाटले. वेल्डिंगच्या कडेला पोलाद काचेसारखे होते, हो!

सरकारी नियमांत याला जागा तरी कुठे आहे? व्यावसायिक वाहनांना ठरावीक काळाने फिटनेस लागते. खासगी मोटार मात्र नोंदणीपासून पंधरा वर्षे कुणी खालून पाहिलीच पाहिजे असे नाही. पीयूसीवाला धूर बघतो, वेढे नव्हे. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथेही स्प्रिंगा अशाच खालून तुटतात. पण तीन वर्षांनंतर दरसाल होणाऱ्या तपासणीत तुटलेली स्प्रिंग सापडली की गाडी नापास. आपल्याकडे निदान किनारपट्टीच्या जिल्ह्यांत पाच वर्षांनंतर अशी तपासणी का नको? गाडी लिफ्टवर चढली की दहा मिनिटांचे काम आहे.

तोवर वाचकांनी पावसाळा संपल्यावर सर्व्हिसिंगला गाडी दिली की खालच्या वाट्या पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन मागाव्यात आणि बॅटरी लावून खालचे दीड वेढे स्वतः बघावेत. फोड आलेला रंग बोटाने खरवडावा. स्टेअरिंग वळवताना पुढून 'टण्ण' असा आवाज येत असेल किंवा एक कोपरा बोटभर खाली दिसत असेल तर थांबू नये. तुटलेले टोक काही गाड्यांत थेट टायरच्या आतल्या अंगाला जाते. आणि बदलताना जोडी बदलावी. भावाने आधी एकच मागवली होती. मी उजवी बाजू धुऊन दाखवली, तिथेही त्याच जागी तीन ठिपके होते. मग त्याने मुकाट्याने दुसरी मागवली.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या खेपेला खड्ड्याचा फोटो जरूर काढा, पण तुटलेल्या तारेच्या तोंडाचाही एक जवळून काढा. त्यात तपकिरी चंद्र दिसला तर खालची ओळ बदलावी लागेल.

आपला,
एक निवृत्त स्प्रिंग कामगार, चिपळूण